टॉक्सोप्लाझ्माची रक्ततपासणी : नाशिकमध्ये कुठे, कशी, आणि रिपोर्ट वाचायचा कसा

चिठ्ठीवर 'टॉक्सो' किंवा 'टॉर्च' (टॉक्सोसह बाळाला धोक्याच्या काही संसर्गांच्या तपासण्यांचं पॅकेज) लिहून मिळालं की बहुतेक जण थेट नेटवर शोधतात, पहिला फोटो मांजराचा बघतात आणि घाबरतात. मीही गरोदरपणात याच वाटेनं गेले. रक्त देणं ही यातली सगळ्यात सोपी गोष्ट. घोळ सुरू होतो रिपोर्ट आल्यावर, कारण त्यावर 'पॉझिटिव्ह' छापलेलं असतं आणि आपल्याला जे हवं असतं ते छापलेलं नसतं. संसर्ग आहे का, यापेक्षा तो कधी झाला, याला इथे महत्त्व आहे. खालच्या सगळ्या पायऱ्या त्या एका 'कधी'भोवती फिरतात. औषधाचा निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच. पण त्यांच्यासमोर बसताना हातात नीट कागद आणि डोक्यात नीट प्रश्न असावेत, म्हणून हे लिहितेय.

१. आधी कळून घ्या : ही तपासणी शोधते काय?

टॉक्सोप्लाझ्मा गोंडाय हा एकपेशीय परजीवी. मांजराच्या विष्ठेतून मातीत, तिथून न धुतलेल्या भाजीवर, पाण्यात. किंवा नीट न शिजलेल्या मांसातून तो पोटात जातो. धडधाकट माणसाला बहुतेक वेळा काही कळतही नाही. फार तर मानेत गाठी, बारीक ताप, थकवा. मग तो स्नायूंत, मेंदूत, डोळ्यात झोपून राहतो, तोही आयुष्यभर.

नेहमीच्या तपासणीत हा जंतू शोधत नाहीत. शरीरानं त्याच्याविरुद्ध तयार केलेल्या अँटिबॉडी मोजतात. त्यातली आयजीएम संसर्गानंतर साधारण आठवडाभरात दिसायला लागते. आयजीजी एक-दोन आठवड्यांत येते, दोनेक महिन्यांत सगळ्यात वर जाते आणि मग कमी पातळीवर का होईना, जन्मभर राहते.

आयजीएम म्हणजे ताजा संसर्ग, आयजीजी म्हणजे जुना, असं सोपं गणित सगळीकडे सांगितलं जातं. ते टॉक्सोला लागू पडत नाही. इथे आयजीएम काही जणांच्या रक्तात वर्षभर, कधी त्याहून जास्त टिकते. शिवाय किट खोटी पॉझिटिव्हही दाखवते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं १९९७ मध्येच डॉक्टरांना लेखी सावध केलं होतं, की गरोदर बाईच्या बाबतीत केवळ टॉक्सो आयजीएमच्या किटवर विसंबून राहू नका. आपल्याकडे अजूनही निम्मी रडारड रिपोर्टवरच्या 'आयजीएम पॉझिटिव्ह' या एका ओळीवरून होते.

२. तुम्हाला ही तपासणी हवी आहे का?

फ्रान्समध्ये १९७८ मध्ये गरोदर बायकांची टॉक्सो तपासणी सुरू झाली; जिला पूर्वी संसर्ग झालेला नाही तिची पुढे दर महिन्याला. आपल्याकडे अशी सरसकट पद्धत नाही. डॉक्टर ती सहसा या कारणांनी लिहून देतात :

- गरोदरपणात ताप आणि मानेत गाठी आल्या
- सोनोग्राफीत बाळाच्या मेंदूत पाणी वाढलेलं किंवा कॅल्शियमचे ठिपके दिसले
- डोळ्याच्या पडद्यावर सूज किंवा जुना व्रण दिसला
- एचआयव्ही आहे, किंवा अवयव प्रत्यारोपण व्हायचंय

आणि एक कारण, जे सगळ्यात जास्त ऐकू येतं : दोन-तीनदा पोटातलं गेलं. याबद्दल मला स्पष्ट बोलायचंय. निरोगी बाईच्या अंगातला जुना टॉक्सो दर खेपेला गर्भपात घडवत नाही. एकदा संसर्ग होऊन गेला की पुढच्या बाळांना त्याच्यापासून बहुतांशी संरक्षणच मिळतं. तरीही 'अंगात जंतू निघालेत' म्हणून महिनोन्‌महिने औषधांचे कोर्स घेणाऱ्या बायका मी वेटिंग रूममध्ये पाहिल्यात. आयजीजी पॉझिटिव्ह, आयजीएम निगेटिव्ह एवढ्यावर कुणी उपचार सुरू करत असेल तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. वारंवार गर्भपाताची कारणं शोधायला टॉर्च पॅनेलचा उपयोग जवळजवळ नाहीच; तेच पैसे थायरॉइड, साखर आणि फॉस्फोलिपिड अँटिबॉडीच्या तपासणीला लावलेले बरे.

३. चिठ्ठीवर नेमकं काय लिहून घ्यायचं?

लॅबच्या काउंटरवर 'टॉर्च' म्हटलं की समोरून विचारतात, "आठ की दहा?" त्या पॅकेजात टॉक्सोसोबत रुबेला, सायटोमेगालो आणि हर्पिसचे दोन प्रकार येतात. पाच गोष्टींची दहा उत्तरं मिळाली की त्यातलं एखादं काठावरचं निघणारच, आणि मग त्याच्यामागे धावा. काही ठिकाणी नुसतं आयजीएमचं स्वस्त पॅकेज असतं. ते मुळीच घेऊ नका. आयजीजीशिवाय आयजीएमचा अर्थ लागत नाही.

संशय फक्त टॉक्सोचा असेल तर डॉक्टरांना विनंती करून चिठ्ठीवर असं लिहून घ्या : 'टॉक्सोप्लाझ्मा आयजीजी आणि आयजीएम, आकड्यासह, दोन्ही पॉझिटिव्ह आल्यास त्याच सॅम्पलवर आयजीजी ॲव्हिडिटी.' ॲव्हिडिटी म्हणजे संसर्ग किती जुना ते बघणारी तपासणी, ती पायरी ८ मध्ये येईल. शेवटच्या अर्ध्या वाक्यामुळे दुसऱ्यांदा सुई टोचायची वेळ टळते.

४. लॅब निवडताना

गंगापूर रोड, कॉलेज रोड, शरणपूर रोड, मुंबई नाका, नाशिकरोड, कुठेही जा, लॅबची आणि कलेक्शन सेंटरची कमी नाही. कॉलेज रोडला गाडी लावायला जागा शोधण्यात जेवढा वेळ जातो तेवढा आत रक्त द्यायला लागत नाही. पाटी बघू नका, हे विचारा :

तपासणी इथेच होते की सॅम्पल मुंबई-पुण्याला जातं? आयजीजी-आयजीएम अनेक ठिकाणी इथेच होतात. ॲव्हिडिटी आणि पीसीआर (अँटिबॉडी नव्हे, खुद्द जंतूचा अंश शोधणारी तपासणी) मात्र बहुधा बाहेर जातात. बाहेर जाण्यात गैर काही नाही. फक्त रिपोर्ट कधी येणार ते त्यांच्याकडून लिहून घ्या आणि रक्त सकाळी, आठवड्याच्या मधल्या वारी द्या. शनिवारी संध्याकाळी दिलेलं सॅम्पल कसारा घाट कधी उतरेल ते कुणालाच सांगता येत नाही.

कोणत्या पद्धतीनं? एलायझा किंवा केमिल्युमिनेसन्स चालेल. कार्डावर रेघ उमटणारी झटपट चाचणी नको.

एनएबीएलची (लॅबचा दर्जा तपासून मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता या तपासणीला आहे का? हा प्रश्न फार जण विचारत नाहीत. मान्यता लॅबला सरसकट मिळत नाही, तपासणीगणिक मिळते. दारावर चिन्ह असलं तरी टॉक्सो त्या यादीत नसू शकतं. एनएबीएलच्या संकेतस्थळावर लॅबचं नाव टाकलं की यादी दिसते.

उरलेलं सीरम (रक्त गोठल्यावर वेगळा होणारा पाण्यासारखा भाग, तपासणी त्यावरच होते) किती दिवस ठेवता? याचं महत्त्व पायरी ९ मध्ये कळेल.

खर्च झेपणारा नसेल तर त्र्यंबक नाक्याजवळचं सिव्हिल, शालिमारचं संदर्भ सेवा रुग्णालय किंवा आडगावचं मेडिकल कॉलेज इथे चौकशी करा. केसपेपर काढण्याआधीच लॅबमध्ये जाऊन 'टॉक्सोची किट सध्या आहे का' एवढं विचारा. ओपीडीची रांग लावून झाल्यावर 'किट संपली' ऐकण्यापेक्षा हे बरं. खासगीत दर लॅबगणिक खूप बदलतात आणि ॲव्हिडिटी बरीच महाग पडते, तेव्हा दोन-तीन ठिकाणी फोन करा.

५. सोबत काय न्यायचं?

- डॉक्टरांची चिठ्ठी, तारखेसह
- आधार कार्ड. नावाचं स्पेलिंग सगळीकडे एकच ठेवा (माहेरचं आडनाव एका रिपोर्टवर, सासरचं दुसऱ्यावर असं झालं की पुढे वैताग होतो)
- शेवटच्या पाळीची तारीख आणि पहिल्या सोनोग्राफीचा रिपोर्ट
- आधीचे टॉर्च रिपोर्ट, कितीही जुने असले तरी
- चालू औषधांची यादी

यातला जुना रिपोर्ट म्हणजे सोनं. चार वर्षांपूर्वीच्या गरोदरपणात तुमची आयजीजी पॉझिटिव्ह होती हे सिद्ध झालं, तर आजच्या आयजीएमची धास्ती तिथेच संपते. माळ्यावरच्या पिशव्या उपसा, आधीच्या डॉक्टरांकडे जुनी फाइल मागा, लॅबला जुना बिल नंबर द्या. माझा सगळ्यात उपयोगी कागद असाच, सासूबाईंनी जपून ठेवलेल्या पहिल्या खेपेच्या फाइलमध्ये निघाला.

६. रक्त देताना

उपाशी राहायची गरज नाही. हातातून तीन ते पाच मिली रक्त पिवळ्या किंवा लाल टोपणाच्या नळीत घेतात. नळीवर तुमच्यासमोर नाव किंवा बारकोड लावतात ना, तेवढं बघा. घरी येऊन रक्त नेणारा मुलगा आधी पाथर्डी फाटा, मग सिडको, मग सातपूर असा फिरणार असेल, तर नाशिकच्या एप्रिलमध्ये सॅम्पल थंड डब्यात ठेवतोय का ते विचारायला लाजू नका.

दोन गोष्टी आपणहून सांगा. केसांसाठी-नखांसाठी बायोटिनच्या मोठ्या डोसच्या गोळ्या चालू असतील तर ते काही मशीनवरच्या आकड्यात गडबड करतं. किती दिवस थांबायचं ते लॅब सांगेल. आणि अलीकडे रक्त चढवलं असेल किंवा इम्युनोग्लोब्युलिनचं इंजेक्शन घेतलं असेल, तर दुसऱ्याची आयजीजी तुमच्या रक्तात दिसू शकते.

७. रिपोर्ट वाचायचा असा

समजा हातात हा कागद आलाय :

टॉक्सो आयजीजी : ९४ आययू प्रति मिली, पॉझिटिव्ह
टॉक्सो आयजीएम : इंडेक्स १.२, पॉझिटिव्ह

आधी उजवीकडची रेंज बघा. प्रत्येक मशीनची रेंज वेगळी असते, त्यामुळे एका लॅबचे ९४ आणि दुसरीचे ४० यांची तुलना करून 'वाढलंय', 'कमी झालंय' असं काही ठरत नाही. आयजीजीचा आकडा मोठा आहे म्हणून संसर्ग जोरात आहे, असंही नसतं. आता जोड्या :

दोन्ही निगेटिव्ह : संसर्ग कधी झालेला नाही. बाळ सुरक्षित, पण तुम्हाला संरक्षणही नाही. पायरी ११ तुमच्यासाठी.

आयजीजी पॉझिटिव्ह, आयजीएम निगेटिव्ह : जुना संसर्ग. पहिल्या सहा महिन्यांत हा रिपोर्ट आला तर निश्चिंत व्हा. शेवटच्या तिमाहीत पहिल्यांदाच तपासलं असेल तर तेवढ्या ठामपणे सांगता येत नाही.

आयजीजी निगेटिव्ह, आयजीएम पॉझिटिव्ह : एक तर अगदी नुकतीच सुरुवात, नाही तर खोटी पॉझिटिव्ह. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा रक्त. तेव्हाही आयजीजी आली नाही, तर ती आयजीएम खोटी होती.

दोन्ही पॉझिटिव्ह : वरच्या कागदासारखं. संसर्ग गेल्या महिन्यातला असेल किंवा गेल्या वर्षीचा. इथून पुढे खरी तपासणी सुरू होते.

८. आयजीजी ॲव्हिडिटी : 'कधी'चं उत्तर

नव्या आयजीजीची जंतूला धरून ठेवायची पकड सैल असते, महिने जातात तशी ती घट्ट होते. ॲव्हिडिटी ही पकड मोजते. पकड घट्ट, म्हणजे हाय आली, तर संसर्ग साधारण चार महिन्यांपेक्षा जुना. लो आली तर मात्र ताजा संसर्ग सिद्ध होत नाही, कारण काही जणींची ॲव्हिडिटी वर्षभरही लो राहते. म्हणजे या तपासणीचं 'हाय' भरवशाचं, 'लो' आणि 'बॉर्डरलाइन' अर्धवट. आयजीजी फारच कमी असेल तर ॲव्हिडिटी करण्यातही अर्थ नसतो.

आता आठवड्यांचं गणित. दहाव्या आठवड्यात ॲव्हिडिटी हाय आली, तर चार महिने मागे जाऊन आपण गरोदरपणाच्याही आधी पोचतो. संसर्ग दिवस जाण्याआधीचा, विषय बंद. तीच हाय सव्विसाव्या आठवड्यात आली, तर चार महिने मागे म्हणजे जेमतेम दहावा आठवडा. पहिल्या दहा आठवड्यांत संसर्ग झाला नाही, असं ती सांगू शकत नाही. म्हणून ही तपासणी सोळाव्या आठवड्याच्या आत झाली पाहिजे. 'पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीनंतर बघू' म्हणून पुढे ढकलू नका, आणि रिपोर्ट दाखवताना त्या दिवशी कितवा आठवडा होता ते कागदावर पेननं लिहून ठेवा.

९. दुसरं सॅम्पल

ॲव्हिडिटीनं उत्तर दिलं नाही तर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा रक्त देतात. नियम एकच : तीच लॅब, तेच मशीन. आणि शक्य असेल तर पहिल्या वेळचं राखून ठेवलेलं सीरम आणि नवं सॅम्पल एकाच दिवशी, शेजारीशेजारी लावायला सांगा. आयजीजी स्पष्टपणे वर गेली तर संसर्ग ताजा, दोन्ही सारखी आली तर जुना असण्याची शक्यता जास्त. बहुतेक लॅब उरलेलं सीरम काही दिवसांत टाकून देतात, म्हणून पहिल्याच भेटीत 'माझं सीरम फ्रीझरमध्ये ठेवा' असं सांगा. काउंटरवरच्या मुलीला हे नवीन वाटलं तर पॅथॉलॉजिस्टना भेटा. ते सहसा नाही म्हणत नाहीत.

ताज्या संसर्गाचा दाट संशय असेल तर डॉक्टर याच काळात स्पायरामायसिन (संसर्ग बाळापर्यंत पोचू नये म्हणून द्यायची गोळी) सुरू करतात. ती गल्लीतल्या मेडिकलमध्ये मिळाली नाही तर गोळे कॉलनीत चौकशी करा. पुढे पायरिमेथामाइन आणि सल्फाडायझिन लिहून मिळालं, तर सोबत फोलिनिक ॲसिड असतं. त्याऐवजी नेहमीची फॉलिक ॲसिडची गोळी चालत नाही. दुकानदार 'एकच आहे हो' म्हणाला तरी घेऊ नका.

१०. गर्भजलाची पीसीआर

आईला संसर्ग झाला म्हणजे बाळाला झालाच, असं नाही. पहिल्या तिमाहीतला संसर्ग बाळापर्यंत क्वचित पोचतो, पण पोचला तर नुकसान मोठं करतो. शेवटच्या तिमाहीतला बहुतेकदा पोचतो, पण जन्मताना बाळ सहसा ठणठणीत दिसतं. पोचलाय का, हे बघायला पोटातून सुईनं गर्भजल काढून पीसीआर करतात. अठराव्या आठवड्यानंतर, आणि संसर्गाला किमान चार आठवडे उलटल्यावर. त्याआधी केली तर निगेटिव्ह येऊनही भरवसा नाही.

हे काम फीटल मेडिसिनच्या (पोटातल्या बाळाच्या आजारांच्या) तज्ज्ञांकडे, पीसीपीएनडीटी कायद्याखाली (गर्भलिंग निदानाला बंदी घालणारा कायदा) नोंदणी असलेल्या केंद्रातच होतं. तिथे एफ फॉर्म भरतात, तुमची लेखी संमती घेतात, ओळखपत्राची प्रत ठेवतात. हे वाचून सही करा. सहीसाठी मराठी प्रत मागायचा तुम्हाला हक्क आहे. रक्तगट निगेटिव्ह असेल तर नंतर अँटी-डी इंजेक्शन लागतं, तो रिपोर्ट सोबत असू द्या.

केवळ आयजीएम पॉझिटिव्ह दिसली म्हणून कुणी गर्भपाताचा सल्ला दिला, तर तिथून उठा. ॲव्हिडिटी, दुसरं सॅम्पल, नीट सोनोग्राफी आणि गरज पडली तर पीसीआर, एवढं झाल्याशिवाय तो विषय काढायचाही नसतो.

११. दोन्ही निगेटिव्ह आलेल्यांसाठी

मांजर घराबाहेर काढायची गरज नाही. नव्यानं संसर्ग झालेलं मांजर एक ते तीन आठवडेच विष्ठेतून अंडी टाकतं, आणि ती अंडी संसर्ग पसरवण्याइतकी तयार व्हायला निदान एक दिवस लागतो. म्हणून तिची घाण रोजच्या रोज साफ व्हावी, आणि ते काम घरातल्या दुसऱ्या कुणीतरी करावं. मांजराची अँटिबॉडी तपासून काही हाती लागत नाही.

आपल्या भागात माती जास्त महत्त्वाची. दिंडोरी-पिंपळगावकडे द्राक्षबागेत, भाजीच्या मळ्यात काम असेल, किंवा गच्चीवर कुंड्या असतील तर हातमोजे घाला. कोथिंबीर, मुळा, पालक भरपूर पाण्यात धुवा. तास-दीड तास रटरटलेल्या मटणाच्या काळ्या रश्श्याला भिण्याचं कारण नाही. आतून गुलाबी राहिलेला कबाब मात्र नको. शेळीचं दूध उकळल्याशिवाय नको.

१२. डोळा, एचआयव्ही आणि नवजात बाळ

डोळ्याच्या टॉक्सोचं निदान डोळ्यांचे डॉक्टर पडदा बघूनच करतात. तिथे आयजीएम बहुधा निगेटिव्हच असते, आयजीजी फक्त दुजोरा देते. आयजीजीही निगेटिव्ह आली तर डॉक्टर दुसरं कारण शोधतात.

एचआयव्हीत आयजीजी सुरुवातीलाच करून ठेवायची. ती पॉझिटिव्ह असेल आणि सीडी४ (प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा) शंभराच्या खाली गेला, तर झोपलेला जंतू मेंदूत जागा होऊ शकतो. त्यासाठी प्रतिबंधक गोळ्या एआरटी केंद्रातून (एचआयव्हीची औषधं देणारं केंद्र) मिळतात. डोकेदुखी, फिट, एका बाजूला अशक्तपणा आला तर रक्ताच्या रिपोर्टची वाट न बघता एमआरआय.

बाळाचं रक्त नाळेतून घेतलेलं चालवून घेऊ नका. त्यात आईचं रक्त मिसळण्याचा धोका असतो. बाळाच्या शिरेतून घेतलेल्या रक्तावर आयजीएम आणि आयजीए (आणखी एक प्रकारची अँटिबॉडी) दोन्ही करतात. आयजीजी पॉझिटिव्ह येणारच, ती आईकडून आलेली असते. त्यावरून घाबरायचं नाही. सोबत टाळूवरून मेंदूची सोनोग्राफी आणि डोळ्याच्या पडद्याची तपासणी सांगतील. नंतर ठरावीक अंतरानं, त्याच लॅबमध्ये, आयजीजी बघत राहायची. दर खेपेला ती उतरत गेली पाहिजे. वर्षाच्या आत ती निगेटिव्ह झाली, आणि बाळावर टॉक्सोचे उपचार चालू नव्हते, तर बाळाला संसर्ग नव्हता. वर्षानंतरही टिकून राहिली तर ती बाळाची स्वतःची, आणि मग बालरोगतज्ज्ञांसोबत डोळ्यांच्या डॉक्टरांकडेही नियमित जावं लागतं.